पाहुणे फार झाले

भाद्रपद सरत आला की अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डांगाण पिवळा होतो, आणि त्या पिवळ्याच्या वासावर मोटारी येतात. मुंबईच्या कसारा घाट चढून घोटीवरून येतात, नाशिकच्या त्याच वाटेला लागतात. पुण्याच्या आणि आमच्या नगर-संगमनेरच्या अकोले-राजूरवरून येतात. सगळ्यांची गाठ शेंडीत पडते. बाहेरचा माणूस ज्याला भंडारदरा म्हणतो ते धरण. बाजार, एसटीचा थांबा, भज्यांच्या गाड्या आणि पार्किंगवरची भांडणं हे सगळं शेंडीचं. एरवी एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला कळावं, एवढंसं गाव. त्या दोन-तीन आठवड्यांतल्या शनिवार-रविवारी मात्र तिथे रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

मी एसटीनं गेलो होतो. गाडी चालवायचा कंटाळा हे एक कारण, आणि अडकायचंच असेल तर खिडकीशी बसून अडकावं हे दुसरं. पितृपंधरवडा चालू होता. या पंधरा दिवसांत आपल्याकडे लग्न नाही, वास्तुशांत नाही, नवी गाडी बाहेर काढायची नाही. जुनी काढायला मात्र शास्त्राची हरकत दिसत नाही. रंधा धबधब्याच्या अलीकडेच रांग लागली. कंडक्टरनं खाली उतरून पाहिलं, परत चढला आणि सगळ्या गाडीला उद्देशून म्हणाला, "ज्यांना दूध घालायचंय, त्यांनी इथंच उतरा नि चालू लागा." दोन बाया कॅन घेऊन खरंच उतरल्या, आणि आमच्या आधी पोचल्या.

रांगेचं कारण पुढे कळलं. रंध्याच्या वळणावर कुणीतरी गाडी तिरकी लावून धबधबा बघायला गेलं होतं. एकशे सत्तर फुटांवरून पडणारी प्रवरा बघायला जावंच. पण चावी तरी ठेवून जावी.

आधी फुलांबद्दल सांगतो, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठी आहे. डोंगर पिवळा करते ती मुख्यतः सोनकी. फार तर गुडघ्याएवढं झाड, कातळावरच्या बोटभर मातीतही तग धरणारं. पावसाबरोबर उगवायचं, पाऊस जाता जाता फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं, एवढंच तिचं आयुष्य. तिच्याखाली ओलसर जागी तेरड्याचा गुलाबी पट्टा असतो. कवल्याची पिवळी फुलं असतात, त्यांना शहरातली पोरं मिकी माऊस म्हणतात आणि डांगाणातल्या बाया त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. कारवी दरवर्षी फुलत नाही. ती सात-आठ वर्षं नुसती हिरवी राहते, एकदाच डोंगर निळा-जांभळा करते आणि वाळून जाते. मग तिच्या काठ्यांचे कूड होतात, त्यावर शेणमातीचा गिलावा देतात आणि घराची भिंत उभी राहते. ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी गर्दीचं काय होतं, ते शेंडीच्या पोलिसपाटलालाच विचारावं.

पण मोटारीतून उतरून पहिला फोटो काढला जातो तो बहुधा सोनकीत नाहीच. तो खुरासणीत काढला जातो. खुरासणी म्हणजे कारळं. याच दिवसांत तीही पिवळीधमक फुलते, सोनकीपेक्षा मोठ्या फुलांची, रस्त्याला लागून, आणि फोटोत अधिक भरगच्च दिसते. ती कुणीतरी पेरलेली असते, एवढा एकच काय तो फरक.

मुरशेतच्या बाजूला असंच एक वावर रस्त्याच्या कडेला उतारावर होतं. मी पोचलो तेव्हा वावराचा मालक, सत्तरी गाठलेला बाबा, बोरीची काटी ओढत आणत होता. खुरासणीत मधोमध माणूसभर रुंदीची वाट पडलेली. ताटं आडवी, काहींची फुलं अजून ताजी, काहींवर बुटाचा चिखल. वाटेच्या शेवटी अंथरुणाएवढी जागा सपाट झालेली. तिथे उभं राहिलं की मागे तलाव आणि पलीकडे रतनगडाची भिंत एका चौकटीत येते, हे मी उभं राहून पाहिलं नाही पण वाटेवरूनच समजत होतं. बाबांनी काटी वाटेच्या तोंडाशी टाकली, पायानं दाबली. तोवर एक जोडपं येऊन ठेपलं.

"बाबा, एकच फोटो."

"एकच एकच करून ही वाट झाली ना, पोरी."

"फुलांना हात नाही लावणार. फुलंच आहेत ना?"

"फुलं न्हाईत ती. त्याल हाये ते. वरीसभराचं."

पोरगी बिचारी खरोखरच ओशाळली. तिला वाटलं होतं, डोंगरावरची फुलं देवाची असतात. नवऱ्यानं पन्नासाची नोट पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही, आणि रागावलेही नाहीत. त्यांनी दोघांना वरच्या बांधावरून पड जमिनीत जायची वाट दाखवली, तिथे सोनकी होती. "तिकडं जा, पन बसू नका. ती बी धरंना मग."

बी धरायच्या आत तुडवली गेलेली सोनकी पुढच्या वर्षी त्या जागी विरळ येते, कारण तिचं पुढचं वर्ष त्या बियांतच असतं. हे वनस्पतिशास्त्र बाबांना कुणी शिकवलेलं नाही. ते शिकवायला दोन हजारांचं तिकीट काढून हल्ली निसर्ग-शिबिरं भरतात.

माझी पुतणी अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. तिकडे हेच दिवस पानं लाल व्हायचे. ती दर वर्षी वरमाँटचे फोटो पाठवते, आम्ही दर वर्षी 'वा!' म्हणतो. मॅपल पेटलेले, मध्ये पांढरं चर्च, वळणावळणाचा रस्ता. २०२३ साली मात्र तिनं फोटोऐवजी बातमी पाठवली. वरमाँटमधल्या पॉम्फ्रेट या गावानं, जिथे वस्ती हजारभरही नाही, आपल्या एका रस्त्याला पानगळीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्यांना बंदी केली. त्या रस्त्यावर स्लीपी हॉलो नावाचं एक शेत आहे. खाजगी. कुणीतरी त्याचा फोटो टाकला, मग सगळ्यांनाच तो फोटो स्वतःचा हवा झाला. माणसं फाटक ओलांडून आत जायला लागली, रस्ता अडवायला लागली, फोटोसाठी कपडे बदलायला तंबू ठोकायला लागली. गावकऱ्यांनी सभा घेतली आणि रस्ता बंद.

पुतणीनं लिहिलं होतं, 'काका, बघ, इथेही.' ते 'इथेही' वाचून मला उगाच बरं वाटलं. परदेशात सगळं शिस्तीत असतं हे आपल्याला लहानपणापासून इतकं ऐकवलंय, की तिथलं एखादं वावर तुडवलं गेलं की मन हलकं होतं.

आपल्याकडे पानं लाल होण्याचा मोसम वेगळा आहे, हेही जाता जाता सांगायला हवं. आपल्या डोंगरात झाडं लाल होतात ती झडताना कमी आणि फुटताना जास्त. फाल्गुन-चैत्रात कोशिंबाला नवी पालवी येते ती तांबडीलाल, अख्खं झाड पेटल्यासारखं. पळस आणि सावर तेव्हा फुलून आटोपत आलेली असतात. उन्हानं डोंगर पिवळट झालेला, त्यात मध्येच एक कोशिंब. मी ते रतनवाडीच्या रस्त्यावर पाहिलं आहे आणि तेव्हा रस्त्यावर माझ्याशिवाय दोन म्हशी होत्या. बाहेरची गर्दी ऋतू बघून येत नाही, ठरलेला ऋतू बघायला येते. पाऊस तोंडावर असताना मे-जूनमध्ये काजवे, जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं. काजव्यांच्या दिवसांत तर काळोख बघायला आलेली माणसं हेडलाइट लावून रात्रभर फिरतात. मधल्या महिन्यांत घाटघर, साम्रद, पांजरे ही गावं होती तिथेच असतात, पण ती फोनवर दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बारीला गेलो. बारी म्हणजे कळसूबाईचा पायथा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे 'सगळ्यात' या शब्दावर प्रेम असलेली सर्व माणसं आयुष्यात एकदा इथे येतातच, आणि बहुतेकांना तो मुहूर्त फुलांच्या रविवारीच सापडतो. वर जायच्या वाटेत कड्यावर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस चढणार, आणि उतरणाराही तिथूनच उतरणार. मधल्या शिडीखाली मी थांबलो तेव्हा पुढे लग्नाच्या पंगतीएवढी माणसं असावीत. एक जण शिडीच्या मध्यावर थांबून व्हिडिओ काढत होता. वरून उतरणारा गट ओरडत होता, खालचा गट शिट्ट्या मारत होता, कुणाच्या तरी पाठपिशवीतला स्पीकर या दोघांच्या वर होता. बारीची एक मावशी डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन या सगळ्यांच्या कडेनं, कातळाला धरून, आपल्या वाटेनं वर गेली. शिडी तिला लागलीच नाही.

याच शिड्यांवर, याच डोंगरावर, पुढच्या पंधरवड्यात नवरात्र बसतं. तेव्हा किती माणूस चढतं? कमी नाही. अकोले, इगतपुरी, सिन्नर, संगमनेर, सगळीकडून येतात. नऊवारी नेसलेल्या बाया अनवाणी चढतात, कडेवर पोर घेऊन. पहाटे काळोखातच बारीतून बॅटऱ्यांची रांग डोंगराला लागते. शिखरावरचं देऊळ एवढंसं, त्यात चार माणसं दाटीनं उभी राहतील. आणि तरी मी ती गर्दी पाहिली तेव्हा कुणी कुणावर ओरडताना ऐकलं नाही. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं, हे कुणी फलकावर लिहिलेलं नाही. म्हातारीला पुढे घालायचं, तेही नाही. दर्शन झालं की टेकायचं नाही, मागच्याला जागा द्यायची. पोरगं चुकलं तर कुठल्या झाडाखाली आणून बसवायचं, हेसुद्धा ठरलेलं असतं.

आपल्याला गर्दी नवी आहे का? वारी आपली, जत्रा आपल्या, उरूस आपले. गर्दीचं शास्त्र मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. मग रविवारी तीच माणसं (आणि ती तीच असतात, यात्रेला येणारा आणि फोटोला येणारा यांत एक पोशाखाचा फरक असतो) अशी का वागतात? मला वाटतं, जत्रेला यजमान असतो. गाव यजमान असतं, देवी यजमान असते, यात्रा कमिटीचे चार जण पट्टे लावून फिरत असतात. वर्गणी निघते, कावड कुणाची, पहिला मान कुणाचा हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. येणारा पाहुणा म्हणून येतो आणि पाहुण्यासारखा वागतो. फुलांच्या रविवारी आपण कुणाकडे आलो आहोत हेच त्याला ठाऊक नसतं. त्याच्या मते तो निसर्गात आलेला असतो. आणि निसर्गाला काय, घर नाही, दार नाही, काठी घेऊन बाहेर येणारा म्हातारा नाही.

या डोंगराची जी गोष्ट आहे ती पर्यटनाच्या प्रत्येक सभेत मोठ्यानं वाचावी अशी आहे. गोष्टीचे दोन-तीन पाठ आहेत, मी ऐकला तो असा. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिनं आधीच बजावलं होतं, बाकी सांगाल ते काम करीन, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस निभलं. मग एकदा पाटलाकडे पाहुणे फार झाले. माणूस पुरेना. पाटलानं तिला भांड्यांना बसवलं, हातात केरसुणी दिली. तिनं ते काम केलं, आणि मग उठून डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा, आणि जिथे जाऊन बसली तो कळसूबाईचा डोंगर. आता तिच्या वाटेवर पाहुण्यांच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पडतात, आणि गावातली पोरं रविवार संपला की पोतं घेऊन ती गोळा करत वर जातात. देवीनं जे काम नाकारलं, तेच.

उपाय काहीच केलेला नाही, असं नाही. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं. नाक्यावर माणशी आणि गाडीमागे पावती फाडली जाते. पण पावती देणं आणि यजमान होणं यांत अंतर आहे. पावतीवर पैसे लिहिलेले असतात, वावर कुणाचं ते लिहिलेलं नसतं. साताऱ्याच्या कासला, जिथे पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, रोज किती माणसं सोडायची ते ठरवलं, आधी नोंदणी करायला लावली, आणि गाड्या कुठे लावायच्या, वाट कुठून, हे सांभाळायला आजूबाजूच्या गावांची समिती बसवली. तिथेही कुरबुरी आहेत, सगळं गोड नाही. पण कासला आलेल्या माणसाला निदान एवढं कळतं, की दारावर कुणीतरी आहे.

शेंडीत हे सुचवलं की दोन गट पडतात, आणि दोन्ही गटांचं मला पटतं. एक म्हणतो, माणसं मोजा. दुसरा म्हणतो, मोजाल तर खाऊ काय? कारण डांगाणात पाऊस उदंड, पण मुख्य पीक एकच. भाताचं. घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. जिल्ह्याच्या गावी, नगरला, पाचशे-साडेपाचशे झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. एवढं पाणी पडून वर राहत नाही. ते अडवायला १९२६ साली दगडी धरण बांधून पूर्ण झालं, गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला मिळालं, तलावाला ऑर्थर हिल या इंजिनिअरचं. अकरा टीएमसी पाणी. त्या पाण्याचा कालवा सुरू होतो थेट आमच्या संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यापासून. ऊस पिकला राहुरी-श्रीरामपूरकडे, साखर कारखाने उभे राहिले खाली, आणि वरच्या माणसाला मिळाला तो तलावाचा देखावा. भात निघाला की वरची तरणी माणसं अजूनही नारायणगावच्या मजूरबाजारात जाऊन उभी राहतात. तेव्हा त्या देखाव्यावर त्यांनी चार तंबू ठोकले, दोन खोल्या भाड्यानं दिल्या, चुलीवरच्या पिठलं-भाकरीचा फलक लावला, तर खालच्या बागायती भागातून आलेल्या मी त्यांना पर्यावरण शिकवू नये. पाणी खाली जातं, माणसं वर येतात. निदान माणसांचे तरी पैसे वर राहू देत.

फक्त त्या पैशाचाही मोसम आहे आणि तो नेमका हळव्या भाताच्या कापणीशी येऊन भिडतो. घरातली बाई एकच, विळाही तिनंच धरायचा आणि तवाही तिनंच. मी जिथे उतरलो होतो त्या घरच्या मावशींचं वावर समोरच दिसत होतं, भात पिकून आडवा व्हायला आलेला. शनिवारी रात्री त्यांच्या ओसरीवर तीन पंगती उठल्या. चौथी दारात उभी. कुणाला नाचणीची भाकरी हवी, कुणाला तांदळाची, एकाला पोळीच, एका काकूंना भाकरीवर तूप आणि तूप घरचंच. मावशी हात चालवत होत्या आणि सुनेला आतून हाका मारत होत्या. मधे एकदा पीठ संपलं, तेव्हा शेजारच्या घरून आलं. कोण कुणाचं, काय हिशोब, काही कळत नव्हतं. शेवटी एका मुलानं फोनवर सगळ्यांचे पैसे एकदम टाकले आणि ते कुणाच्या खात्यात गेले यावर अर्धा तास गेला.

सोमवारी निघताना ओसरी रिकामी होती. मावशी भात कापायला निघाल्या होत्या, कमरेला विळा. मी पैसे देताना म्हणालो, "मावशी, दमलात. माणसं जरा कमी आली तर बरं नाही का?"

"कमी कशाला? येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "पन सगळी शनिवारीच का येत्यात? मंगळवारी या, बुधवारी या. फुलं काय सुट्टी बघून फुलत्यात का?"

मी म्हटलं, नोकऱ्या असतात, शाळा असतात.

"तुम्हाला कुठंय शाळा?" असं म्हणून त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि विळ्याची धार अंगठ्यानं बघत त्या वावराकडे वळल्या. "पुढच्या टायमाला मंगळवारीच या. भाकरी तव्यावरची वाढते. शनिवारी तुम्ही खाल्ली ती सकाळची होती."